उणे पन्नास

१

सकाळी नऊला काटा चालू करायचा, प्लॅटफॉर्म रिकामा आहे ना ते खिडकीतून बघायचं आणि झीरोचं बटण दाबायचं. वाडीच्या धर्मकाट्यावर सहा वर्षं माझा दिवस असाच सुरू होतो. अमरावती रोडवरून आत वळलेला ट्रक आधी आमच्या प्लॅटफॉर्मवर चढतो, त्याचं वजन होतं, पावती निघते, मग तो गोडाऊनकडे जातो. मी केबिनमध्ये बसून माईकवर सांगते, "ड्रायव्हर-क्लीनर खाली उतरा." माणूस गाडीत बसून राहिला तर त्याचं वजन मालात धरलं जातं. दिवसातून शंभरदा हे वाक्य होतं. माझा भाऊ म्हणतो, मी झोपेतही तेच बोलते.

माझं नाव करिष्मा गजभिये. बाबांनी सिनेमा बघून हौसेनं नाव ठेवलं आणि दीड वर्षाची असताना मला पोलिओ झाला, घ्या करिष्मा. पाय फक्त दाखवायला आहेत. दोन वर्षांपासून बॅटरीवर चालणारी खुर्ची आहे. उजव्या हाताशी एक दांडी, पुढे ढकलली की खुर्ची पुढे जाते, सोडली की जागच्या जागी थांबते आणि ब्रेक 'कट्' करून लागतो. त्या कट् आवाजाच्या भरवशावर मी घराबाहेर पडते.

आणखी एक आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतील, पोरगी दिवसभर एकटी बसते, डोकं फिरलं असेल. आमच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली. तेव्हापासून आमच्या घरात देव नाही आणि भूतही नाही. बाबा म्हणायचे, कारण शोधायचं, नाही सापडलं तर अजून शोधायचं. मी त्याच शिस्तीत वाढले.

मार्चमधला मंगळवार होता. काटा चालू केला तर रिकाम्या प्लॅटफॉर्मचं वजन पन्नास किलो.

आमचा काटा साठ टनाचा, दहा-दहा किलोच्या पायरीनं सरकणारा. दहा-वीस इकडचे तिकडे होतातच. कधी सांध्यात खडा अडकतो, कधी कुत्रं येऊन झोपतं. मी खिडकीतून मान काढून पाहिलं. कुत्रं नव्हतं. चिखल नव्हता, पाणी नव्हतं, कोरडंठक्क लोखंड उन्हात पडलं होतं.

काट्यावर एक रीत आहे. मालक चंपतराव यांनी पहिल्याच दिवशी मला ती शिकवली होती. "जे समजत नाही ना पोरी, त्याले झीरो मारायचं. इचार करत बसली तर लाईन रोडपर्यंत जाते." बाहेर तीन गाड्या उभ्या होत्या आणि तिसरा हॉर्न वाजवत होता. मी झीरो मारला. पन्नासचं शून्य झालं आणि मी कामाला लागले.

२

दुपारी चारला गाड्यांचा जोर ओसरतो. प्लॅटफॉर्म रिकामा होता, लाल आकड्यांत शून्य होतं, मी डब्यातली उरलेली पोळी खात होते. आकडा हलला. उणे पन्नास.

काट्यावर काम न करणाऱ्याला यात काही वाटणार नाही, म्हणून सांगते. काट्याला उणे सहसा एकाच कारणानं येतं. झीरो मारला तेव्हा वर काहीतरी होतं आणि ते आता उतरलं. मी खिडकीतून पाहिलं. कोणी नव्हतं. शेजारच्या गोडाऊनची भिंत, त्यापलीकडे रोडवरची धूळ, बस्स.

केबिनचं दार माझ्या मागे असतं. खुर्चीसाठी तिथं उतार केलाय, म्हणून ते दिवसभर उघडंच. मी परत पोळीकडे वळले आणि मागून खुर्चीला एक दणका बसला. जोराचा नाही. कुणी सायकलच्या मागच्या कॅरियरवर बसलं की पुढच्याला जसं कळतं, तेवढाच. मग ब्रेक सुटल्याचा आवाज आला. माझा हात दांडीवर नव्हता, हातात पोळी होती. खुर्ची वीतभर मागे सरकली आणि थांबली. कट्.

"कोण आहे गा?" मी विचारलं. कमरेला पट्टा असतो त्यामुळे मला पूर्ण मागे वळता येत नाही. खुर्चीच वळवावी लागते. ती वळवली. दारात ऊन होतं.

कारण मला लगेच सापडलं आणि मी स्वतःवरच हसले. खुर्चीबरोबर एक पुस्तिका मिळाली होती, ती मी शब्दाचा अर्थ बघत बघत पूर्ण वाचली आहे. त्यात लिहिलं आहे की हातातले रेडिओ, वॉकीटॉकी, टॉवर यांच्या लहरी खुर्चीच्या वायरीत शिरू शकतात. मग खुर्ची आपोआप हलते, नाहीतर ब्रेक सुटतो. अशा वेळी खुर्ची बंद करायची आणि प्रत्येक घटना कंपनीला कळवायची. वॉकीटॉकीनं काट्याचे आकडेही नाचतात, त्यासाठी चंपतरावांनी बाहेर बोर्ड लावलाय. म्हणजे खुर्ची हलली आणि उणे पन्नास आलं, दोन्हींचं एकच कारण. शेजारच्या गोडाऊनच्या गेटवर चार वॉकीटॉकी आहेत. त्यातला एक माझ्या भावाचा, तो तिथं गेटवर ड्युटी करतो.

घरी जाताना खुर्ची चढावर कण्हत होती. सकाळी पूर्ण भरलेली बॅटरी घराच्या दारात शेवटच्या खुणेवर आली. रोज अर्धी तरी उरते.

३

माझा भाऊ अंकुश, मी त्याला दादा म्हणते. आई-बाबा गेल्यावर आम्ही दोघंच. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा आणि मला पहिलीत घातलं तेव्हा तो पाचवीत होता. शाळा दीड किलोमीटर. त्यानं मला पाठीवर घेतलं ते तिथून. शाळा, कॉलेज, धंतोलीतले दवाखाने, बाबांची मयत, सगळीकडे मी त्याच्या पाठीवरून गेले. माझ्या मांड्यांखालून हात मागे घ्यायचा, बोटांत बोटं अडकवायची, थोडं चाललं की मी खाली सरकायची, मग तो एक झटका देऊन मला वर घ्यायचा. त्या झटक्याची मला इतकी सवय होती की तो द्यायच्या आधी मी मान आत घ्यायची.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तो मला उचलायला वाकला तो वर आलाच नाही. मणक्यातली गादी सरकली होती. धंतोलीच्या डॉक्टरांनी फोटो समोर धरून सांगितलं, "दहा किलोच्या वर उचलायचं नाही. एकदा उचललंत आणि ही गादी अजून सरकली तर तुमचेही पाय जातील." दादा बाहेर येऊन म्हणाला, "घरात एक जण बसून हाय ते बस झालं." तो विनोद होता. त्या दिवशी मी आतल्या खोलीत तोंडात ओढणी कोंबून रडले. मग आम्ही खुर्ची आणली.

म्हणून त्या मंगळवारी मी कंपनीला कळवलं नाही. आधी नुसती चौकशी म्हणून फोन केला होता. त्यांनी सांगितलं की अशी तक्रार असेल तर खुर्ची पाठवावी लागेल, दोन महिने तरी लागतील, तोवर वापरू नका. दोन महिने. ढकलायची जुनी खुर्ची मोडून पडली आहे आणि आमच्या गल्लीतल्या खड्ड्यांत ती तशीही रुतायचीच. माझी खुर्ची गेली असती तर दादानं काय केलं असतं ते मला पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरचं काय, साक्षात बाबांनी येऊन सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं. त्यानं माझ्यासमोर पाठ करून उकिडवं बसून म्हटलं असतं, "बस."

तेव्हा खुर्ची गेली की दादाचे पाय गेले, असा माझा सरळ हिशोब होता. मी गप्प बसले.

४

गप्प बसले तरी कारण पक्कं करायला हवं होतं. रविवारी मी दादाला वॉकीटॉकी घरी आणायला लावला.

"हे कायले वं?" तो म्हणाला.

"प्रयोग हाय. तू तिकडं दाराशी उभा राह्य आणि बटण दाबून बोल."

"काय बोलू?"

"काहीही बोल. जयभीम बोल."

तो दारातून बोलला, काही झालं नाही. दहा फुटांवरून बोलला, काही नाही. हातभर जवळ येऊन बटण दाबलं आणि खुर्ची बोटभर थरथरली. दादाचा चेहरा पडला आणि मी टाळ्या वाजवल्या. मला इतकं हलकं वाटलं की मी त्याला चहा करून दिला, त्यानं तो संशयानंच प्यायला.

"खुर्ची बिघडली आणि तू खुश होऊन राहिली."

"बिघडली नाही गा. कारण सापडलं. तू ते वॉकी माझ्यापासून दूर ठेव म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवसापासून तो माझ्याकडे येताना वॉकीटॉकी गेटवर ठेवून यायचा. बाकीच्या तिघांनाही त्यानं दम भरला. मी फोन बंद करून केबिनच्या लोखंडी कपाटात ठेवायला लागले. माझ्या आसपास काहीही उरलं नाही.

आणि खुर्चीचा जडपणा तसाच राहिला. दुपारी दोनच्या सुमारास ब्रेक आपणहून सुटायचा, खुर्ची पुढे-मागे व्हायची, पुन्हा कट्. एकदा नाही, तीन-तीनदा. उभं राहून कंटाळलेला माणूस या पायावरचा भार त्या पायावर घेतो ना, तसं. हे मला सुचलं आणि मी ते मनातून हाकलून दिलं. टॉवर असेल, मी म्हटलं. लहरी काय, डोळ्यांना थोड्याच दिसतात. रोडच्या पलीकडे एक टॉवर आहे खरा, पण तो सात वर्षांपासून तिथंच आहे.

रात्री दादा माझ्या पलंगाजवळून खुर्ची बाजूला करायचा. एकदा त्यानं जरा जोर लावला आणि म्हणाला, "आधी तर एका हातानं जायची."

"हात लावू नको तिले," मी ओरडले. त्यानं हात काढून घेतला.

५

धंतोलीत दवाखान्याच्या सामानाचं एक दुकान आहे, तिथला मेकॅनिक गौरांग चांगला माणूस आहे. कंपनीला न कळवता मी त्याला काट्यावर बोलावलं. त्यानं खुर्चीला एक छोटी मशीन जोडली, मला उतारावरून वर-खाली करायला सांगितलं आणि मशीनवरचे आकडे वाचत बसला. मग मशीन काढून त्यानं पुन्हा एकदा जोडली.

"ताई, वायरिंग ठीक आहे. ब्रेक ठीक आहे. एक विचारू? मागे कोणाले उभं करून नेता काय तुम्ही?"

"काहून?"

"मोटर जो करंट खेचून राहिली, तो नव्वद किलोच्या माणसाचा आहे. तुम्ही किती?"

"चाळीस."

"मंग बाकीचे पन्नास कोण होय?" तो हसला. मी हसले नाही, तसा तोही थांबला. "मोटर जुनी झाली असन. नाहीतर मशीन माझी चुकत असन."

सामान आवरताना तो खुर्चीच्या मागे खाली बसला आणि तिथंच थोडा थांबला. मी खुर्ची वळवायला लागले तर म्हणाला, राहू द्या. मी विचारलं काय आहे. खुर्ची मागे उलटू नये म्हणून तिला मागच्या बाजूला जमिनीलगत एक आडवा पाइप असतो. वाडीची धूळ त्यावर पेरभर बसलेली असते, मी कधी पुसत नाही. गौरांग म्हणाला, त्या पाइपवर दोन जागी धूळ नाही, घासून चकचकीत झालंय.

"केवढ्या जागी?"

त्यानं हाताचा पंजा दाखवला, बोटं मिटून. "एवढं. आणि मधात एवढं अंतर." मग तो म्हणाला, "पोट्टे लटकत असतीन, ताई. लक्ष ठेवा."

आमच्या काट्यावर पोट्टे येत नाहीत. ट्रकखाली येतील म्हणून चंपतराव कोणाला उभं करत नाहीत. गौरांग पैसे नको म्हणाला आणि लगबगीनं निघून गेला. जाताना त्यानं मागे वळून एकदा पाहिलं, माझ्याकडे नाही, माझ्या डोक्याच्या थोडं वर.

६

मशीन चुकू शकते, मोटर जुनी असू शकते. पण मी ज्या जागी नोकरी करते तिथं वजनावरून भांडण झालं की लोक म्हणतात, चला धर्मकाट्यावर. मी ठरवलं की आपण स्वतःचाच काटा करायचा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी चंपतरावांना केबिनमध्ये बसवलं. सत्तरीचे आहेत, एका डोळ्यात मोतीबिंदू. मी फोन बंद केला, दादाच्या गेटवरचे चारही वॉकीटॉकी बंद करायला लावले. चंपतरावांनी आधी सरकारी शिक्क्याची वजनं प्लॅटफॉर्मवर ठेवून पाहिली, काटा बरोबर निघाला. माझी खुर्ची नव्वद किलोची, मी चाळीस. एकशे तीस यायला हवे होते.

मी प्लॅटफॉर्मच्या मधोमध जाऊन थांबले. दुपारचा एक. चाकाखाली लोखंड तापून टकटक करत होतं. मी दांडी सोडली, कट् झालं. केबिनच्या खिडकीत चंपतराव डोळे बारीक करून बघत होते. मग माईक खरखरला आणि त्यांचा आवाज आला.

"मागचा माणूस खाली उतर."

हात खुर्चीच्या दांडीवर नेता येईना.

"उतर म्हणतो ना गा," चंपतराव पुन्हा म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "बरं, राहू दे. एकशे ऐंशी."

केबिनमध्ये आल्यावर मी विचारलं, "मागं कोण होतं, काका?"

"तुहा भाऊ नव्हता काय? टीव्हीवर तर उभा दिसून राहिला होता कोणीतरी." ते केबिनमधल्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनला टीव्ही म्हणतात. मग त्यांनी स्वतःच डोळा चोळला. "मले आताशा एकाचे दोन दिसतात म्हणा. आपरेशन कराच लागते."

आमचा कॅमेरा फोटो साठवतो तो पावती काढली तरच. चंपतरावांनी पावती काढली नव्हती. दोन दिसतात म्हणे. मी ते धरून बसले. मोतीबिंदूच्या डोळ्यावर सगळा भरवसा ठेवला, काय करणार.

त्याच दुपारी मला ती गाडी आठवली. त्या मंगळवारच्या आदल्या संध्याकाळची शेवटची गाडी, संत्र्याचे कॅरेट पोचवून काटोलला परत चाललेली. मी सवयीनं माईकवर म्हटलं होतं, ड्रायव्हर-क्लीनर खाली उतरा. ड्रायव्हर उतरला. प्लॅटफॉर्मवर उभं राहून त्यानं कंबर मोडून घेतली, खांदे फिरवले आणि खिडकीशी येऊन उगाच हसला. "मॅडम, महिन्याभरात आज पहिल्यांदा हलकं वाटून राहिलं." मी म्हटलं, छान.

त्याच्याबरोबर क्लीनर नव्हता. मीच कुणाला तरी उतरा म्हटलं होतं.

७

आता कंपनीला कळवायचंच, असं मी ठरवलं होतं, हे खरं सांगते. सोमवारी फोन करणार होते. शनिवारी संध्याकाळी साडेपाचला केबिनचं दार नुसतं ओढलं आणि उतारावरून खाली आले. घराकडची वाट डावीकडे. मी दांडी डावीकडे दाबली आणि खुर्ची सरळ गेली.

प्लॅटफॉर्मवर चढली, पलीकडे उतरली. तिथून रोडपर्यंत शंभर पावलांचा उतार आहे. मी दांडी सोडली. कट् झालं नाही. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे मी बटण दाबून खुर्ची बंद केली. हिरवा दिवा विझला. बंद खुर्चीचा ब्रेक सुटूच शकत नाही, तो लोखंडी दात असतो, लहरी त्याला काय करणार. दिवा विझलेली खुर्ची मला घेऊन खाली चालली होती आणि समोर अमरावती रोडवर ट्रकांची रांग न थांबता पळत होती. मी चाकं हातानं धरली. तळवे सोलून निघाले.

दादा गेटवरून धावत आला. खुर्चीच्या पुढे येऊन त्यानं पाय रोवले आणि छातीनं ती अडवली. रोड तिथून दहा पावलं असेल. खुर्ची थांबली, पण ढकलणं थांबलं नाही. त्याच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या.

"काय जड करून ठेवलं वं हिले," तो दातांतून म्हणाला. "पट्टा सोड. सोड पट्टा."

मी पट्टा सोडला. तो माझ्याकडे पाठ करून, खुर्चीला कंबरेनं अडवून, उकिडवा बसला.

"बस."

मी नाही म्हणायला हवं होतं. मला सगळं आठवत होतं. डॉक्टर, फोटो, दहा किलो. पण समोरून एक कंटेनर हॉर्न देत गेला आणि माझे हात आपोआप त्याच्या गळ्यात पडले. तीस वर्षांची सवय. तो उठला. कण्हला नाही. हात मागे घेऊन बोटं अडकवली आणि केबिनकडे चालू लागला.

रोड मागे राहिला, ऊन पाठीमागून येत होतं. आमची सावली लांब होऊन पुढे पडली होती, दादा आणि त्याच्या पाठीवर मी. त्यात डोकी दोन असायला हवी होती. मी नीट पाहिलं नाही. डोळे मिटून तोंड त्याच्या शर्टात खुपसलं. माझ्या मानेवर ऊन लागत नव्हतं, एवढं मात्र मला कळत होतं.

मागे, उतारावर, रिकाम्या खुर्चीचा ब्रेक लागला. कट्.

८

दादानं मला केबिनमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवलं, माझ्या तळव्यांवर पाणी ओतलं आणि माझी खुर्ची आणायला गेला. ती त्यानं एका हातानं ढकलत आणली.

"आता तर कापसासारखी आली," तो म्हणाला. "ते टॉवरचंच काही असन. सोमवारी पाहू."

"तुही पाठ?"

"काही नाही झालं मले." तो हसला, पण भिंतीला हात लावून उभा होता. "जरा जड लागून राहिलं. सवय सुटली ना."

मला खुर्चीत बसवून तो गेटकडे निघाला. मी दांडी पुढे केली. खुर्ची लोण्यातून जावी तशी वळली, पहिल्या दिवसासारखी. मला रडूच आलं. माझं गेलं होतं ते परत आलं होतं. मी कुणाचे आभार मानावेत ते कळेना.

गेटकडे जायला प्लॅटफॉर्मवरून जावं लागतं. दादा त्यावर चढला आणि रोजच्या सवयीनं मधोमध थांबला. डॉक्टरांनी वजन वाढू देऊ नका म्हटल्यापासून तो येता-जाता तिथं थांबून मला विचारतो. तो साठ किलोचा आहे, दोन वर्षांत दहाची पायरी इकडची तिकडे झाली नाही. त्यानं खिडकीकडे हात केला.

"किती वं?"

काट्यावर एकशे दहा होते.

माईक माझ्या उजव्या हाताशी असतो, झीरोचं बटण डाव्या. मला काय करायचं ते मला समजलं होतं, समजलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही. माईक उचलून रोजचं वाक्य बोलायचं. दोनदा बोलावं लागलं असतं कदाचित. काकांचं त्यानं ऐकलं नव्हतं, पण माझ्या आवाजाला ते एकदा उतरलं होतं, आताही उतरलं असतं. आणि माझ्या मागे केबिनचं दार उघडं होतं, आणि दाराशी माझी खुर्ची होती, आणि खुर्चीत मी.

दादा उन्हात हात वर करून उभा होता. जरासा वाकलेला.

मी झीरो मारला. मग माईक उचलला आणि म्हटलं, "साठ."

त्यानं मान हलवली आणि प्लॅटफॉर्मवरून उतरला. काट्यावर उणे एकशे दहा आलं. मी पुन्हा झीरो मारला. स्क्रीनवर तो गेटकडे जाताना पाठमोरा दिसत होता. चालता चालता त्याचे दोन्ही हात मागे गेले आणि त्यानं बोटांत बोटं अडकवली.

९

याला तीन आठवडे झाले. कंपनीला मी काही कळवलं नाही, कळवण्यासारखं काही होतही नाही. खुर्ची एका चार्जिंगमध्ये दोन दिवस चालते. गौरांगला मी फोन करून सांगितलं, मशीन तुझीच चुकली होती. तो बरं म्हणाला.

दादा आता भिंतीला पाठ टेकत नाही. झोपतो ते पालथा. पायाला मुंग्या येतात म्हणतो, चप्पल निसटली तर त्याला कळत नाही. मी त्याला धंतोलीला चल म्हणते, तो म्हणतो, पुढच्या आठवड्यात. मी जास्त आग्रह करत नाही. तिथं दारातच वजनाचा काटा आहे.

काल संध्याकाळी जेवताना त्यानं ताट बाजूला सारलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"करिष्मा, त्या दिवशी काट्यावर खरंच साठ होते काय?"

"धर्मकाटा आहे, दादा."

"नाही म्हणजे, मले वाटलं." तो पाणी प्यायला. मग भिंतीला धरून उठला, हात मागे नेले आणि मोरीकडे चालायला लागला. दोन पावलांवर थांबून त्यानं कंबरेतून एक झटका दिला, खाली सरकलेलं वर घेण्यासाठी द्यायचा तसा.

मी मान आत घेतली. सवय आहे मला.